आजोबांच्या पदवीपत्राचा पत्ता : मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलाची एक फेरी

आमच्या साताऱ्याच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एक पत्र्याची नळी असते. तिच्यात आजोबांचं बी.ए.चं पदवीपत्र आहे. कागद उलगडला की कडा परत आत वळतात, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवाव्या लागतात. त्यावर नाव मुंबई विद्यापीठाचं. लहानपणी मला याचं फार कोडं पडायचं, कारण आजोबा शिकले पुण्यात. मुंबईत ते एकाही तासाला बसले नव्हते. फक्त पदवीदानाला गेले, दुसऱ्याचा गाऊन अंगावर चढवून, आणि रात्रीच्या गाडीनं परत आले. "काय तो हॉल!" एवढंच ते सांगायचे.

तो हॉल बघायचं कितीतरी वर्षं मनात होतं. या जानेवारीत भाचीला सोबत घेतलं. ती लॉच्या पहिल्या वर्षाला आहे, पायांनी दमत नाही आणि प्रश्न थेट विचारते. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो, स्टेशनवरच चहा घेतला आणि पायीच निघालो.

पुढे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की सरळ विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरकडे जाऊ नका. आधी टाऊन हॉल गाठा. सीएसएमटीपासून चालत पाऊण तासाच्या आत आरामात पोचता. टाऊन हॉल, म्हणजे आताची एशियाटिक सोसायटी. १८३३ सालची ही इमारत, समोर तीस पायऱ्या आणि वर भलेमोठे खांब. त्या पायऱ्यांवर बसून मी भाचीला सांगितलं, "विद्यापीठ इथून सुरू झालं." ती म्हणाली, "मावशी, पण इथे वर्ग कुठे होते?"

वर्ग नव्हतेच. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इथल्या शिक्षणाविषयीच्या सरकारी धोरणपत्रानंतर, १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. उत्तरेत बंड पेटलेलं असताना इथे विद्यापीठाच्या कायद्यावर सही होत होती. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. म्हणून त्याला ना वर्ग लागले, ना स्वतःची इमारत. सभा आणि समारंभ टाऊन हॉलमध्ये होत. विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये, म्हणजे कारभार बघणाऱ्या सभासदांमध्ये, जगन्नाथ (नाना) शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. नानांचा पुतळा टाऊन हॉलच्या आत आहे, तो चुकवू नका. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मुंबई इलाख्याच्या विद्यापीठाचे सगळे पदवीधर त्या दिवशी एका बाकावर मावले असते. पुढे यातले भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले होते.

आजोबांचं कोडंही इथेच सुटतं. पुणे विद्यापीठ आलं १९४९ मध्ये. तोवर पुणे, सांगली, कोल्हापूर, धारवाड, अहमदाबाद इथली कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती, आणि कराचीचं डी. जे. सिंध कॉलेजसुद्धा. एवढ्या मुलखातल्या पोरांना पदवी मिळायची ती इथून. भाचीनं फोनवर नकाशा उघडून कराची ते धारवाड बोट फिरवलं आणि ती गप्प झाली.

टाऊन हॉलवरून हॉर्निमन सर्कलला वळसा घालून वीर नरिमन रस्त्यानं सरळ या. हुतात्मा चौकात आलात की डावीकडे महात्मा गांधी रस्ता. एवढं चालणं वीस मिनिटांत होतं, पण आम्हाला तास लागला, कारण मध्ये इराण्याकडे ब्रून मस्का झाला. चालायचं नसेल तर मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन अगदी हाताशी आहे. पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांना चर्चगेट सोयीचं, तिथून ओव्हल मैदान ओलांडून यायचं.

या रस्त्यावर चालताना एक गोष्ट मनात ठेवा. १८६० पर्यंत इथे किल्ल्याचा तट होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तो पाडायला काढला. 'फोर्ट' हे नाव तेवढं उरलं. तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत पश्चिमेकडे तोंड करून सरकारी इमारतींची रांग उभी राहिली: जुनं सचिवालय, त्याच्या शेजारी विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालय, मग हायकोर्ट. पश्चिमेला तेव्हा समुद्र होता. मैदानापलीकडच्या आजच्या आर्ट डेको इमारती १९३० नंतर भराव घालून उभ्या राहिल्या. म्हणजे महात्मा गांधी रस्त्यावरून आपण बघतो ती या इमारतींची पाठ. समोरून बघायचं तर ओव्हलवर जायला हवं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

पैसा आला कुठून, ही गोष्टही विलक्षण आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर चालू लागल्या. शहरात पैशांचा पाऊस पडला. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापूस-दलाल प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं ही त्यांची इच्छा. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंद बुडाले. पण देणगी आधीच देऊन झाली होती. ज्याचं दिवाळं निघालं त्याच्याच पैशांतून त्याच्या आईचा मनोरा उभा राहिला. राजाबाईंना दिसत नव्हतं, जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून वेळ कळावी यासाठी लेकानं घड्याळाचा मनोरा बांधला, अशी आख्यायिका आहे. आमच्या आजीनं ती सांगितली होती, मी भाचीला सांगितली. आख्यायिका म्हणूनच ऐका, पण ऐका.

आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते मुंबईला कधीच आले नाहीत. कागद बोटीनं यायचे आणि इथले अभियंते ते दगडात उतरवायचे. सभागृहाचं काम १८६८ अखेरीस सुरू होऊन १८७४ ला संपलं. ग्रंथालय आणि मनोऱ्याची पायाभरणी १ मार्च १८६९ ची, आणि काम पुरं झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. म्हणजे मनोरा पुरा झाला तेव्हा त्याचा वास्तुकार या जगात नव्हता.

आता आत जाण्याबद्दल. हे चालू विद्यापीठ आहे, कार्यालयं आहेत, परीक्षेची कामं असतात. तेव्हा दार उघडं असेलच असं धरून चालू नका. कामकाजाच्या दिवशी जा, ओळखपत्र जवळ ठेवा, फाटकावर काय बघायचंय ते नीट सांगा. सभागृहात कार्यक्रम असेल तर आत सोडत नाहीत. ग्रंथालय वाचणाऱ्यांसाठी आहे, तिथे मोठ्यानं बोलू नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. वारसाफेऱ्या काढणाऱ्या मंडळींबरोबर जाणं सगळ्यात सोपं, फक्त आतल्या प्रवेशाचं त्यांना आधी विचारून घ्या. मनोऱ्यावर मात्र चढता येत नाही. सर्वसामान्यांसाठी तो कधीचाच बंद आहे.

आम्हाला सभागृह बघायला मिळालं. दारातून आत पाय टाकला आणि मला आजोबांचं ते "काय तो हॉल!" आठवून भरून आलं. छत ६३ फूट उंच, तेराव्या शतकातल्या फ्रेंच चर्चच्या धर्तीचं. टोकाला व्यासपीठामागे अर्धगोल भिंत, दोन्ही बाजूंना लोखंडी ब्रॅकेटांवर तोललेली गॅलरी. आणि मागे वळून बघितलं की वरची मोठी गोल खिडकी. वीस फूट व्यासाची, तिच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. व्यासपीठाकडे तोंड केलेल्या पदवीधरांच्या ती पाठीशी असते, म्हणून कदाचित आजोबांनी तिचं नाव कधी काढलं नसावं. भाचीची रास वृश्चिक. तिनं विंचू शोधायला पाच मिनिटं मान वर करून ठेवली आणि शोधलाच. दुपारनंतर पश्चिमेकडचं ऊन उतरतं तेव्हा आतला उजेड बदलतो. जमलं तर तीनच्या पुढे जा.

बाहेर बागेत कावसजींचा पुतळा आहे, थॉमस वूल्नर या इंग्रज शिल्पकारानं केलेला. त्याच्यापाशी थोडं थांबा, कारण सभागृहाचे जिने तिथून नीट दिसतात. कोपऱ्यांवरचे उघडे गोल जिने, बारीक खांबांच्या पिंजऱ्यातून वर चढत जाणारे. मला विचाराल तर सगळ्या संकुलात सर्वांत देखणं काही असेल तर ते हेच. उन्हात त्यांची सावली भिंतीवर तिरकी पडते आणि दगडाचा जिना कापडाच्या चुणीसारखा दिसू लागतो.

ग्रंथालय आणि मनोरा एकच इमारत आहे, मनोरा तिच्या मधोमध. उंची २८० फूट. खाली चौकोनी आणि वर गेल्यावर अष्टकोनी. दगड बराचसा कुर्ल्याचा, पिवळसर. आणि आता ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला ते. सोबत दुर्बीण न्याच. नसेल तर फोनचा झूम तरी वापरा. मनोऱ्याच्या वरच्या अंगाला कोनाड्यांत आणि खांबांच्या माथ्यावर माणसांच्या मूर्ती आहेत, एकूण चोवीस. त्या ना संतांच्या, ना इंग्रज राजांच्या. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं आहेत ती. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यानं. स्कॉटच्या लंडनच्या कागदावर चर्चसारखा मनोरा होता. त्याच्यावर चढवली गेली ती आपल्या मुलखातली माणसं.

आम्ही आळीपाळीनं दुर्बीण लावली. डोईवरून माणूस ओळखू येतो. इथे पागोटं, तिथे फेटा, एकाचं पाऊल पुढे, दुसऱ्याचे हात जवळ घेतलेले. पावसानं काही चेहरे झिजले आहेत. रानडे, भांडारकर शिकत होते तेव्हा आपल्या मुलखातल्या कित्येकांना कॉलेजचं दार बंद होतं, बायकांना तर होतंच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या त्या १८८० नंतर. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले १९१२ मध्ये. मनोऱ्यावर ज्यांना दगडात आधी जागा मिळाली, त्यांना खाली हॉलमध्ये पोचायला किती वर्षं लागली, हे तिथे उभं राहून मोजता येतं. भाचीनं विचारलं, "यात बाई आहे का गं?" मी उत्तर दिलं नाही. दुर्बीण तिच्याच हातात दिली.

घड्याळाबद्दल थोडं. एकेकाळी ते सोळा धुना वाजवायचं, ब्रिटिश राष्ट्रगीतासकट. आता दर पंधरा मिनिटांनी एकच धून वाजते. ग्रंथालय आणि मनोऱ्याची मोठी दुरुस्ती २०१३ ते २०१५ मध्ये झाली. काचा, लाकूडकाम, दगडांचे सांधे सगळं हातानं पुन्हा नीट करण्यात आलं. २०१८ साली हा सगळा परिसर, ओव्हलच्या दोन्ही बाजू, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

वेळ असेल तर महात्मा गांधी रस्ता ओलांडा. विद्यापीठासमोरच वॉटसन हॉटेलचा जुना लोखंडी सांगाडा आहे. त्याच रांगेत पुढे डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेज. एल्फिन्स्टनच्या इमारतीतच राज्याचं पुराभिलेखागार आहे. जुनी कागदपत्रं बघणाऱ्यांनी अर्ज, ओळखपत्र आणि दोन दिवस हाताशी ठेवून यावं. कालिन्याचं विद्यानगरी संकुल वेगळं आणि बरंच लांब. बहुतेक विभाग आता तिकडे आहेत, पण जुन्या इमारतींसाठी तिकडे जायचं कारण नाही. विद्यापीठाच्या नावातलं 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' आलं ते १९९६ मध्ये, तेव्हा आजोबांच्या आणि भाचीच्या पिढीच्या पदवीपत्रांवर इंग्रजी नाव एकच नसेल.

बाकी थोडं: पावसाळ्यात दगड काळा पडतो आणि मूर्ती दिसत नाहीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. म्हाताऱ्या माणसांना टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या जड जातात, त्यांना टॅक्सीनं थेट फाटकाशी आणा. सगळ्या फेरीला अर्धा दिवस पुरतो, पण पूर्ण दिवस द्या.

पाच वाजता आम्ही फिरून ओव्हलवर गेलो. एका वेळी पाच-सहा क्रिकेटचे सामने चालले होते, चेंडू कुणाचा कुणाच्या खेळात जात होता. आम्ही पश्चिमेच्या कठड्याशी पाठ लावून बसलो. ऊन समोरून मनोऱ्यावर पडलं होतं आणि कुर्ल्याचा दगड हळदीसारखा दिसत होता. सव्वासहाला धून वाजली. मी पिशवीतून ती पत्र्याची नळी काढली. हो, सोबत आणली होती. पदवीपत्र उलगडलं, कडा आत वळायला लागल्या, तशी भाचीनं दोन कोपरे धरले आणि मी दोन.