सरांची लंगडी ओळ

कवितासंग्रहाची प्रुफं हल्ली कुणी वृत्त लावून वाचत नाही. तशी गरजही पडत नाही. मुक्तछंदात ऱ्हस्व-दीर्घ, स्पेस आणि ओळ कुठे तुटलीय एवढं पाहिलं की भागतं. पण हा संग्रह एका निवृत्त मराठी शिक्षकांचा, पहिल्या पानापासून वृत्तबद्ध; आणि सर हयात नव्हते. वर्षश्राद्धाच्या दिवशी पुस्तक हातात हवं, असं त्यांच्या मुलीने प्रकाशकाला सांगून ठेवलेलं. थोडक्यात, शंका विचारायला कवी नाही आणि तारीख हलणार नाही.

सुरुवातीच्या पानावर सरांनी मोरोपंतांच्या केकावलीतली ओळ घेतली होती. प्रुफात ती अशी उतरली होती : ‘सुसंगती सदा घडो’ आणि पुढे ‘कलंक मतीचा झडो’. मोठ्याने वाचली की जीभ ठेचकाळते. डीटीपीवाल्या मुलाला विचारलं. जुन्या फाँटातली फाइल युनिकोडमध्ये आणल्यावर त्याने शुद्धलेखन तपासनीस चालवला होता आणि ‘सगळे बदला’ दाबलं होतं. ‘काका, लाल रेघा येत होत्या ना.’ मुलगा हुशार आहे, शॉर्टकट सगळे तोंडपाठ. मजकूर मात्र वाचत नाही. वाचायचे पैसे त्याला कुणी देत नाही, हेही खरंच.

त्याला म्हटलं, लाल रेघ विसर, म्हणून बघ. सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो. कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो. वृत्त पृथ्वी, चरणात 17 अक्षरं, गण म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट ज स ज स य, मग एक लघु (ऱ्हस्व) आणि एक गुरू (दीर्घ). ‘मतिचा’ म्हणजे लघु, लघु, गुरू. ‘ति’ची ‘ती’ केलीस की स गणाचा य गण झाला, चाल मोडली. त्याने ओळ दोनदा म्हटली आणि ‘अरे हो की’ म्हणाला. शाळेत वृत्त एका गुणापुरतं शिकवतात. पोरं पेन्सिलीने डोक्यावर चंद्रकोरी आणि आडव्या रेघा काढतात, गण पाडतात, नाव लिहितात, मोकळी होतात. म्हणायला कुणी लावत नाही.

गंमत म्हणजे नियम कवीच्या बाजूने आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे ‘मति’, ‘मूर्ति’ असे तत्सम शब्द दीर्घान्त लिहायचे हे बरोबर. पण केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम छापायचं, आणि नंतरच्या कवीलाही वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक आहे. तपासनिसाला यातलं पहिलंच कलम ठाऊक. त्यामुळे आईवरच्या कवितेत सरांनी लिहिलेलं ‘तुझी मूर्ति डोळ्यांत ये सांजवेळी’ हेही त्याने ‘मूर्ती’ करून टाकलेलं. भुजंगप्रयात, चार य गण, लघु-गुरू-गुरू चार वेळा, मनाच्या श्लोकांचं वृत्त. तिथे एक वेलांटी बदलली तरी चालताना पायात खडा आल्यासारखं होतं. अख्खा संग्रह मी सरांच्या वहीच्या झेरॉक्सशी ताडून पुन्हा लावला, समासात ‘ऱ्ह’ लिहीत गेलो. आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो, एकही जागा सुटू दिली नाही.

मग शेवटची कविता आली. पत्नी गेल्यानंतरची. भुजंगप्रयातच. पाचही कडवी स्वच्छ, आणि अगदी शेवटची ओळ :

तुझ्यावीण आता घर हे रिकामे

‘तुझ्या’तल्या ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून पुढे जोडाक्षर असूनही तो लघुच, तिथवर ठीक. पण ‘घर हे’ म्हणजे लघु, लघु, गुरू. अक्षरं बाराच, तिसरा गण मात्र य नाही, स. ओळ लंगडते, आणि लंगडते ती नेमकी घरापाशी.

संपादकबाईंनी सुचवलं, ‘घरे ही रिकामी’ करा. वृत्त बसतं, पण घरं किती होती सरांची? एकच होतं. सरांच्या मेहुण्यांचा फोन आला : ‘जन्मभर वृत्तं शिकवली त्यांनी, लोक काय म्हणतील? तुम्हीच काहीतरी बसवून टाका.’ बसवायला काय, मिनिटभर लागतं. ‘तुझ्यावीण आता रिते गेह सारे.’ निर्दोष भुजंगप्रयात. मला जे मिनिटभरात सुचलं, ते सरांना सुचलं नसेल?

ताईंकडून, म्हणजे सरांच्या मुलीकडून, मूळ वही मागवली. झेरॉक्समध्ये जे दिसत नव्हतं ते वहीत दिसलं. बॉलपेनने आधी ‘घरे ही रिकामी’च लिहिलेलं, त्यावर एक आडवी रेघ, आणि वर पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, ‘घर हे रिकामे’. बाकी प्रत्येक ओळीवर लघु-गुरूच्या खुणा केलेल्या होत्या. या ओळीवर जुन्या शब्दांच्या खुणा होत्या, त्या खोडरबराने पुसलेल्या. कागद तिथे विरळ झाला होता.

मी शब्दांखाली टिंबं दिली आणि समासात ‘असू द्या’ लिहिलं. प्रकाशक कुरकुरले. ताईंनी वही पाहिली होती, त्या ठाम राहिल्या. पुस्तक तसंच छापलं.

प्रकाशनाला एक निवृत्त प्राचार्य पाहुणे होते. त्यांनी ती कविता चालीत म्हटली, शेवटच्या ओळीवर अडखळले आणि सभेला म्हणाले, ‘इतक्या वृत्तशुद्ध संग्रहात अखेरीस मुद्रणदोष राहावा, याचं वाईट वाटतं. प्रुफं नीट पाहायला हवी होती.’ मी मागच्या रांगेत बसलो होतो. रागही आला आणि बरंही वाटलं. त्या सभागृहात ती ओळ कानाने ऐकणारा तो एकटाच माणूस असावा.

आता दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं चाललंय आणि मेहुणे पुन्हा मागे लागलेत. त्यांचं एक म्हणणं मला सहज झटकता येत नाही : सर शेवटी आजारी होते, हात थरथरत होता, कानही गेला असेल. पेन्सिलीची दुरुस्ती केव्हाची, ते वहीवरून कळत नाही. पण त्याच थरथरत्या पेन्सिलीत मागच्या पानावर शार्दूलविक्रीडितातला एक श्लोक आहे. 19 अक्षरं, म स ज स त त ग, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, कुठे तसूभर चूक नाही. कान गेलेल्या माणसाला हे जमत नाही.

ताई म्हणाल्या, ‘मग तळटीप देऊया का, मूळ हस्तलिखिताप्रमाणे म्हणून?’ नको म्हटलं. त्या ओळीवर फुली पाहिली की वाचणारा अडखळायच्या आधीच पानाच्या तळाशी जाणार. हवं तर वहीच्या त्या पानाचा फोटो पुस्तकाच्या शेवटी छापा. प्रकाशक खर्चाचं सांगतायत.