८५ तास झाले, पाय आत्ता कुठे ऐकायला लागलेत

रविवारी रात्री कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) धावपट्टीवर आर-२२ हे हेलिकॉप्टर जमिनीपासून सात-आठ फुटांवर सलग १ मिनिट ४० सेकंद धरून ठेवलं. घड्याळ लावून. तेवढ्या वेळात ते पुढंमागं सरकलं, डोललं, एकदा शेपूट फिरायला निघाली ती पायानं परत आणली. पण धावपट्टीचा मधला पांढरा पट्टा स्किडखालून (हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं त्या नळ्यांखालून) सुटला नाही. सिम्युलेटरमध्ये विमानं उडवणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. हेलिकॉप्टरवाल्यांना वाटेल.

मागची नोंद पावसाळ्यातली. तेव्हा ३० तास झाले होते आणि मी ‘हॉवर (हवेत एका जागी तरंगत राहणं) जवळजवळ जमला’ असं लिहून ठेवलं होतं. ते खोटं होतं. जमला नव्हता, पडायला जास्त वेळ लागत होता इतकंच.

सेटअप बहुतेक तोच आहे. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्री-डी प्रो जॉयस्टिक, एकच २४ इंची मॉनिटर. बदललंय ते कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वरखाली करणारा डाव्या हाताचा दांडा) आणि शेपूट वळवणारी पेडल. कलेक्टिव्हची गोष्ट आधी सांगतो, कारण चार जणांनी विचारलंय.

जॉयस्टिकच्या बुडाशी थ्रॉटलची छोटी पट्टी असते, तिच्यावर कलेक्टिव्ह चालवणं म्हणजे चिमट्यानं भाकरी थापणं. म्हणून एका भंगारवाल्याकडे जुन्या मारुती ८००चा हँडब्रेक शोधला. मी कानडीत ‘एष्टु?’ विचारलं, तो मराठीत ‘दोनशे’ म्हणाला, शेवटी दीडशेला दोन्ही भाषांत सौदा झाला. दातेरी पट्टी आणि खटका काढून टाकला. उद्यमबागेत एका ओळखीच्या लेथवाल्यानं बुडाशी प्लेट वेल्ड करून दिली. त्यानं विचारलं, गाडी कुठली. हेलिकॉप्टर म्हटल्यावर पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मलाच पाजायला लावला.

आता खरी मेख. दांडा वरखाली फिरतो जेमतेम ४० अंश. १० किलोओमचा साधा पॉट (दांडा किती फिरला ते मोजणारा फिरता रोधक) फिरतो २७० अंश. पॉट सरळ दांड्याच्या पिनेवर बसवला तर आर्डुइनोच्या (ते मोजमाप कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) १,०२४ पायऱ्यांपैकी दीडशेच वापरात येतात, आणि हॉवरमध्ये हे भोवतं. अर्धा मिलिमीटर ओढावं तर काहीच होत नाही, अजून अर्धा ओढावा तर हेलिकॉप्टर गच्चीवर. जुन्या प्रिंटरमधले दोन प्लास्टिकचे गिअर काढून एकास पाच असं गुणोत्तर जुळवलं. पॉट आता २०० अंश फिरतो आणि साडेसातशेच्या आसपास पायऱ्या मिळतात. गिअरांमध्ये प्ले (ढिलेपणा) होता, तो पॉटच्या दांडीला एक रबरबँड कायमचा ताणून बांधून काढला. दिसायला भिकार आहे, काम चोख करतंय. दांडा सोडला की जागेवर राहावा म्हणून दोन्ही बाजूंनी सायकलचे ब्रेकरबर नटबोल्टनं आवळलेत. बोर्ड आर्डुइनो लिओनार्डोच घ्या. तो कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो, उनो सरळ तसा दिसत नाही.

पहिले दोन दिवस एक गंमत झाली. बिघडलं की मी दांडा खेचायचो. वीस वर्षांची सवय, हँडब्रेक ओढला की गाडी थांबते. इथं ओढला की वर जाते.

पेडलवर मात्र माझे चाळीसेक तास गेले, आणि चूक सर्वस्वी माझी. मी शिकायला सुरुवात केली मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधल्या कॅब्री जी-२वर. नोव्हेंबर २०२२च्या अपडेटमध्ये बेल ४०७सोबत ते आलं, तेव्हापासून ते माझ्याकडं होतंच. मग कोणीतरी सांगितलं म्हणून एक्स-प्लेन १२ घेतलं आणि त्यातल्या रॉबिन्सन आर-२२कडे वळलो. आठवडाभर दोन्ही आलटून पालटून. आणि हॉवर सुधारायच्या ऐवजी सडत गेला.

कारण असं की कॅब्री फ्रेंच आहे, तिचा मुख्य रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. आर-२२ अमेरिकन, त्याचा उलटा. रोटर ज्या दिशेनं फिरेल त्याच्या विरुद्ध अंगाला धड वळू बघतं, ते पायानं रोखायचं. म्हणजे कलेक्टिव्ह ओढला की कॅब्रीत उजवं पेडल, आर-२२मध्ये डावं. एवढंच नाही. शेपटीचा पंखा शेपटीला ढकलतो तसा अख्ख्या हेलिकॉप्टरलाही बाजूला ढकलतो. आर-२२ उजवीकडे वाहतं, म्हणून सायक्लिक (हेलिकॉप्टर झुकवणारी काठी, माझ्याकडं जॉयस्टिक) जरा डावीकडे धरावी लागते आणि उचलताना उजवी स्किड आधी सुटते. कॅब्रीत हे सगळं आरशातल्यासारखं उलट. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पायांनी वाचलं नव्हतं. दांडा ओढला की दोन्ही पाय एकदम दाबायचे, आणि घरच्या पेडलला मी ड्रॉवरची चॅनेल लावलेली असल्यामुळे दोन्ही एकदम दाबले तर जागचं काहीच हलत नाही.

शेवटी कॅब्री काढूनच टाकली. वाईट वाटलं, ती खरं तर जास्त समजूतदार आहे. पण नवीन असाल तर एकच हेलिकॉप्टर धरा, निदान ५० तास. कुठलंही चालेल.

जॉयस्टिकबद्दल दोन ओळी. बरेच जण सेन्सिटिव्हिटीचा कर्व मधोमध चपटा करायला सांगतात, म्हणजे मधल्या भागात काठी हलली तरी परिणाम कमी. विमानाला ठीक आहे. हेलिकॉप्टरची काठी हॉवरमध्ये मधोमध नसतेच, ती डावीकडे, जरा मागे कुठंतरी असते, म्हणजे चपटा भाग एकीकडे आणि आपण दुसरीकडे. कर्व सरळ ठेवा, डेडझोन (काठी हलूनही काहीच होत नाही तो मधला भाग) शून्य. मी आतली स्प्रिंगही काढली. काठी आता हात सोडला की लुळी पडते. खऱ्या आर-२२मध्येही ती हातातून सोडायची नसतेच. आणि चित्राच्या फ्रेम सेकंदाला ३०वर बांधून टाका. कधी ६०, कधी २५ असं हेलकावे खाणारं चित्र हॉवरचा जीव घेतं.

तरीही ५५ तासांपर्यंत १५ सेकंदांच्या पुढं गाडी जाईना. ती गेली येळ्ळूरच्या काकांमुळे. तांदूळ घेऊन आले होते, जेवण झाल्यावर मागं खुर्ची टाकून बघत बसले. तीन वेळा माझं आपटलेलं बघितलं, मग म्हणाले,

“कुठं बघूलालास रे?”

“खाली, काका. जमीन सरकतीय का बघतोय.”

“नांगर धरल्यावर फाळाकडं कोण बघतंय? समोरच्या बांधाकडं बघतात की. फाळाकडं बघितलास की तास वाकडं झालंच म्हणून समज.”

त्यांचं तास नांगराचं, माझे घड्याळाचे. दोन्ही वाकडे चालले होते. नजर उचलून धावपट्टीच्या पार टोकापलीकडच्या झाडांवर ठेवली. खाली बघताना जमीन सरकल्याचं कळतं ते सरकल्यावर कळतं. लांब बघितलं की नाक अर्धा अंश खाली जातंय हे सरकायच्या आधी दिसतं, आणि हात तेवढाच हलतो. प्रत्येक पुस्तकात हे लिहिलेलं असतं. मीही वाचलं होतंच, पण फाळ म्हटल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही. त्या रात्री २५ सेकंद. पुढच्या आठवड्यात ४०.

हॉवर जमल्यावर बाकीचं भराभर आलं. पुढं झुकवून १६ ते २४ नॉटच्या दरम्यान एक थरथर येते, नाक वर उचलू बघतं आणि मग हेलिकॉप्टर एकदम हलकं होतं. रोटर स्वतःच ढवळलेल्या हवेतून बाहेर पडून स्वच्छ हवेत येतो म्हणून. तिथं काठी पुढं दाबून धरली की झालं. सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) चार दिवसांत बसलं.

उन्हाचा हिशेब मात्र करून बघा, आपल्या भागात मजा येते. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान १० अंश धरतात, आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट मिळवायचे. एप्रिलची दुपार ३६ अंशांची लावली की हवा विरळ होऊन हेलिकॉप्टरच्या लेखी आपण ५,६०० फुटांवर. जानेवारीची सकाळ १४ अंशांची लावली तर ३,०००. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन दुपारी उचललं, वीस फुटांवर जाऊन घाईनं दांडा ओढला, आणि भोंगा वाजला. रोटरचा वेग ९७ टक्क्यांच्या खाली आला की आर-२२मध्ये तो वाजतो. त्यावर उपाय म्हणजे दांडा खाली आणि थ्रॉटल वर. हे मनाला पटत नाही, कारण जमीन जवळ येत असताना दांडा खाली करायला हात धजत नाही. मी तो अजून वर ओढला. पुढचं सांगायला नको.

राजहंसगडावर (येळ्ळूरच्या किल्ल्यावर) उतरायचा प्रयत्न सहा वेळा केला, चार वेळा जमला. पाचव्या वेळी ३० नॉटच्या खाली असताना मिनिटाला ७०० फुटांनी उतरत होतो, म्हणजे स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत बुडालो. दांडा ओढावा तितकं जास्त खाली. ३० नॉटच्या आत असाल तर मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त उतरू नका, ही मर्यादा मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलीय. सुटकेला व्हुइचार्ड पद्धत वापरली: दांडा वर, डावं पेडल, काठी उजवीकडे, बाजूच्या स्वच्छ हवेत सरकायचं. कॅब्रीत हेही उलटं. कॅब्री काढली ते बरं झालं.

ऑटोरोटेशन (इंजिनाशिवाय, हवेनं फिरणाऱ्या रोटरवर उतरणं) चाळीस केली, अकरा वेळा उभा उतरलो. इंजिन बंद पडलं की सेकंदभरात दांडा खाली, नाहीतर रोटरचा वेग जातो आणि मग काहीच करता येत नाही. नाक डावीकडे फिरतं म्हणून उजवं पेडल, वेग ६५ नॉट. ४० फुटांवर नाक उचलून वेग मारायचा, सपाट करायचं, आणि उरलेल्या फेऱ्यांवर दांडा ओढून अलगद टेकायचं. मी नाक उचलतो लवकर, मग हवेत थांबून वीस फुटांवरून दगडासारखा येतो. एकदा अगदी बरोबर ४० फुटांवर होतो तेव्हा घरातली लाईट गेली. ते बारावं झालं असतं असं मी धरून चालतो.

ऑर्थो-फोर-एक्सपीनं (उपग्रहाच्या फोटोंवरून एक्स-प्लेनसाठी जमीन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) बेळगावची +१५+०७४ ही टाइल, म्हणजे अक्षांश-रेखांशाचा एक चौकोन, बनवली, त्यात खानापूर, जांबोटी, चोर्ला सगळं येतं. निपाणी, गोकाक वरच्या टाइलमध्ये. ती अजून डाउनलोड होतेय. झूम (फोटोचा बारकावा) १७ पुरतो, पण येळ्ळूरचा पट्टा १८वर घेतला, त्याला कारण काका. परवा परत आले होते. म्हणाले, आमच्या शेताकडं ने की.

शिवार सापडायला दहा मिनिटं गेली. रस्ता धरून गेलो, गडाच्या अंगानं वळलो. काकांनी बोट स्क्रीनला लावून बांध ओळखला. बांधावर आंबा होता, तो मागच्या वळवाच्या वाऱ्यात पडला. उपग्रहाचा फोटो त्याआधीचा. आंबा अजून होता. उभा नाही, फोटो जमिनीवर पसरलेला असल्यामुळे नुसता चपटा हिरवा डाग आणि त्याच्या बाजूला पडलेली लांब सावली. सकाळचा फोटो असणार.

“हां, हितंच थांबव,” काका म्हणाले.

तीस फुटांवर थांबवलं. समोर लांब बघायला गडाची कड होती, ती धरली. काका खुर्ची पुढं घेऊन सावलीकडं बघत होते, फांद्या मोजल्यासारखे. पन्नास सेकंद बरं चाललं. मग मीही खाली सावलीकडं बघितलं, आणि शेपूट फिरली.