‘वाय’ दाबण्याआधी

१ जूनपासून मासेमारीबंदी लागू झाल्याने होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या आणि मालवणजवळच्या एका मच्छिमार संस्थेत डिझेल परताव्याचे वर्षभराचे हिशोब पुरे करण्याची घाई चालली होती. नेमका त्याच आठवड्यात संस्थेचा लिनक्सचा संगणक दोन दिवसांत चारदा काम चालू असताना गोठला. चौथ्यांदा बटण दाबून बंद केल्यावर तो पुन्हा उघडेनाच. फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी ठेवणाऱ्या रचनेत) विसंगती आहे, एफएससीके (ती रचना तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवा, एवढीच सूचना पडद्यावर उरली.

मी पोहोचलो तेव्हा हिशोबनीस एफएससीकेच्या प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’, म्हणजे ‘हो’, दाबत बसले होते. “सर, सगळो हिशोब गेलो काय?” त्यांनी विचारले. मी उत्तर न देता आधी संगणक बंद केला. एफएससीके फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करते, आतला मजकूर वाचवणे हे त्याचे काम नव्हे. जुळत नसलेली नोंद पुसून टाकणे हीसुद्धा त्याच्या लेखी दुरुस्तीच असते.

डिस्क काढून लॅपटॉपला जोडली आणि डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत घेतली. ५०० जीबी उतरायला दोन तास लागले, पण एकही सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटा कप्पा, वाचायचा राहिला नाही. हिशोबनिसांना हायसे वाटले. मला मात्र तेच खटकले. डिस्क धड होती, तिच्यावरच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) होते, मग एवढी मोडतोड झाली कशी? रचनेतले बदल आधी जर्नलमध्ये लिहिले जात असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी ते एकतर पूर्ण होतात, नाहीतर सोडून दिले जातात. मात्र मेमरीतच आकडा बिघडला असेल, तर तो बिघडलेला आकडाही जर्नल इमानेइतबारे डिस्कवर पोहोचवते.

पेनड्राइव्हवरून मेमरीची चाचणी लावली आणि दहा मिनिटांतच लाल ओळी उमटू लागल्या. रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून पाहिली तर तिच्या सोनेरी टोकांवर काळसर थर होता. संगणक खाडीकडच्या खिडकीखाली होता आणि ती खिडकी, उकाड्यामुळे, बाराही महिने उघडी असे. म्हणजे हिशोबनीस जी दुरुस्ती करत होते, तीही त्याच बिघडलेल्या मेमरीतून डिस्कवर उतरत होती.

पुढचे सारे काम लॅपटॉपवर, त्या प्रतीच्याही दुसऱ्या प्रतीवर केले. आधी काहीही न बदलता नुसती तपासणी करून दोषांची यादी वाचली, मगच दुरुस्ती चालवली. नाव आणि ठिकाण हरवलेल्या दोनशेच्या वर फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये केवळ आयनोडचा (फाइलीच्या अंतर्गत नोंदीचा) क्रमांक लेवून जमा झाल्या. त्या एकेक उघडून, आतला नौकेचा नोंदणी क्रमांक वाचून नावे द्यायला रात्रीचा एक वाजला. या कंटाळवाण्या कामात हिशोबनीस माझ्यापेक्षा तरबेज निघाले, कारण नुसत्या डिझेलच्या आकड्यांवरून होडी कुणाची ते त्यांना कळत होते.

तीन फाइली उघडल्याच नाहीत. त्यांतल्या नोंदी खणातल्या पंपाच्या पावत्यांवरून पुन्हा भरल्या. रॅमची टोके खोडरबराने घासून चाचणी निर्दोष पार पडली, तरी मी पट्टी नवीच बसवायला लावली आणि संगणक खिडकीपासून दूर हलवला.