विटेवरची बीटल

गाडी गॅरेजला आली तेव्हा पुढच्या डिकीत स्टेपनीशेजारी एक अर्धी वीट होती, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. 1965 ची फोक्सवॅगन बीटल. मालक निवृत्त प्राध्यापक, वडिलांपासून गाडी घरातच. हँडब्रेक कित्येक वर्षं लागत नव्हता, म्हणून ही वीट. "पंढरपुरात विठोबा विटेवर, कोल्हापुरात आमची बीटल," असं सर सगळ्यांना हसून सांगायचे. मला हसू येत नव्हतं. त्या काळच्या बीटलला ब्रेकचं सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी, मग हँडब्रेक हाच देव.

आधी नव्या केबल मागवल्या होत्या. विकणाऱ्यानं 'सगळ्या बीटलला चालते' असं ठोकून दिलेलं. बीटलची केबल मॉडेलप्रमाणे लांबीला बदलते, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणारा विचारत नाही. थ्रेड संपेपर्यंत नट आवळला तरी केबल लोंबतच राहिली. सरांना उलट आनंदच झाला. "मी म्हणत होतो ना, ओरिजिनलच दुरुस्त करा. आमच्या गाडीच्या हँडब्रेकला आजवर कुणी हात लावलेला नाही." हे वाक्य दर जुन्या गाडीचा मालक बोलतो.

मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम काढायला अर्धा दिवस गेला. छत्तीसचा नट, पान्यावर चार फुटी पाइप आणि पाइपवर आम्ही दोघं. गाडी जॅकवर घ्यायच्या आधीच तो ढिला करायचा, नाहीतर जोर लावताना गाडी खाली यायची. मग गाडीच्या आतला हँडब्रेकचा लिव्हर. तो काढताना बटण दाबायचं नाही. दाबलं की आतली दातेरी पट्टी खाली पडते आणि संध्याकाळ ती शोधण्यात जाते. डाव्या चाकाची केबल मागून ओढली, सरळ आली. उजवी दोन बोटं सरकली आणि अडकली.

गंज सुटावा म्हणून दोन दिवस डिझेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी मी चहाला गेलो. परत येतो तर आमचा गॅरेजमधला पोरगा हँडब्रेकच्या भोकाशी वाकलेला, हातात पेटती गॅसबत्ती. "मामा, पाइप जरा गरम केला की सुटतंय बघा." हुशार पोरगं आहे, पण अर्धी विद्या मोबाइलवरची. बीटलच्या मधल्या बोगद्यातून क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, हीटर सगळ्यांच्या केबल जातात, आणि त्यांच्या सोबतीला पुढच्या टाकीपासून मागच्या इंजिनापर्यंत पेट्रोलची नळी. मी काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारचा वेल्डर काम सोडून बघायला आला.

बत्ती विझली, माझे हात थरथरायचे थांबले, आणि मी टॉर्च लावून त्याच भोकात डोकावलो. थ्रेडच्या टोकामागं पितळेचा एक गोळा दिसला. वाटाण्याएवढा. केबल गंजून बसलीच नव्हती. केबल ज्या नळीतून मागं जाते तिच्या तोंडाशी हा गोळा अडत होता. म्हणजे कधीतरी तार टोकापाशी तुटली होती, आणि कुण्या मिस्त्रीनं केबल बाहेर न काढता, गाडीतच, त्या पेट्रोलच्या नळीच्या वर, ब्रेझिंग केलं होतं, म्हणजे पितळ वितळवून सांधलं होतं. जे करताना मी पोराला धरलं, नेमकं तेच.

आणि काम काय सुंदर! पितळ सगळीकडून सारखं पसरलेलं, एक बुडबुडा नाही. फक्त त्या आचेनं तारेचा कस मेला होता; गोळ्याच्या मागंच एकेक धागा तुटत गेलेला. त्या माणसाला शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, हे अजून ठरत नाही. ओलं पोतं टाकलं असेल? पेट्रोलची नळी काढून ठेवली असेल? की काहीच नाही, नुसतं नशीब?

पुढून टोक कापून केबल मागं ओढली. दोन्ही आउटर, म्हणजे तारेवरची कव्हरं, रात्रभर डिझेलमध्ये ठेवले, आतली तार पुढं-मागं करून काळा मळ काढला. दोन्ही केबलची थ्रेडची टोकं उद्यमनगरात एका म्हाताऱ्या टर्नरकडं, लेथवाल्याकडं नेली. त्यांतली जुनी तार ड्रिलनं काढायची म्हणजे भोक जरा तिरकं गेलं की सहा एमएमच्या थ्रेडची भिंत फाटणार. त्यानं चष्मा पुसला, डायल लावला, चक चार वेळा ढिला करून परत आवळला, आणि मग भोक पाडलं. कॉम्प्युटरच्या मशीनवाल्या सीएनसीवाल्यांनी हे काम हातात घेतलं नव्हतं. नवी तार घातली, आच न लावता प्रेसनं दाबून पक्की केली. एकेक केबल चेनपुलीला लटकत्या काट्यासकट ताणली, दोनशे किलोवर दहा मिनिटं. पोरानं तोवर श्वास धरला होता.

जोडताना आधी ब्रेकचे शू अ‍ॅडजस्ट केले, मगच केबल. केबलच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच असते. ती धरून नट फिरवायचा, नाहीतर तारेला पीळ बसतो. हँडब्रेक ओढला की दोन दात्यांवर दोन्ही चाकं सारखी जड, चार दात्यांवर हातानं हलता कामा नयेत. वाघबीळच्या पुढच्या चढावर सरांना घेऊन गेलो. न्यूट्रल, चार दाते, ब्रेकवरून पाय काढला. गाडी जागची हलली नाही.

बिलात मी लिहिलं : 'आउटर व टोकं जुनी, तार नवीन'. सरांना तिथं 'ओरिजिनल' हवं होतं, रॅलीत परीक्षकांना दाखवायला. तेव्हा मी तो पितळेचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ते तो बोटांत फिरवत राहिले. "वडील कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाले, आणि गोळा खिशात घालून गेले. बिल तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. मला वाटलं, केबल ढिली पडली.

"अहो, वीट तुमच्याकडंच राहिली. पोराच्या हातून पाठवून द्या."