सकाळी नऊला मऊभात

"ताई तुझं बरंय बाई, आठवड्यातनं तीनच दिवस ड्युटी," असा मामेबहिणीचा मेसेज आला तेव्हा मी लागोपाठ तिसरी नाइट संपवून बसमध्ये बसले होते. रिप्लाय टाइप करता करता डोळा लागला तो थेट शेवटच्या स्टॉपलाच उघडला, बस रिकामी, आणि ड्रायव्हर केबिनमधनं मान वळवून विचारतोय, "लॉन्ग नाइट, क्वाइन?" क्वाइन म्हणजे इकडच्या बोलीत पोरगी. त्याच बसने परत फिरले. रिप्लाय राहिलाच, म्हटलं आता सविस्तरच लिहू, कारण ओईटी (नर्सेसची इंग्रजीची परीक्षा) देऊन इकडे यायच्या तयारीत असलेल्या खूप मुली मला पगार विचारतात, घरभाडं विचारतात, थंडी विचारतात, पण रात्रपाळीत खाणार काय आणि झोपणार कधी हे एकीने विचारलं तर शपथ.

मी अबर्डीनला असते. स्कॉटलंडच्या ईशान्येला, समुद्राकाठी, करड्या ग्रॅनाइटच्या बिल्डिंगांचं गाव. म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डात नर्स आहे. नाइट संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि सकाळी आठला हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंट्सची माहिती देणं) संपतो. साडेबारा तास, त्यात ब्रेक सगळे मिळून तासभर. नाइटचे पैसे जास्त मिळतात, माझ्या बँडला (पगाराच्या श्रेणीला) रात्रीच्या तासांना ३० टक्के वर आणि रविवारी ६० टक्के, त्यामुळे सुरुवातीला मी मागून मागून नाइट्स घेतल्या. पाउंडाला रुपयाने गुणायची सवय गेलेली नव्हती तेव्हा, दुसरं काय.

पहिले चार महिने मी काय खाल्लं ते ऐका. दुपारी चारला उठायचं, भूक नाही म्हणून चहा-बिस्किट, तसंच ड्युटीवर. रात्री दहापासून पोटात कावळे. वॉर्डात टेबलावर कायम चॉकलेटचा डबा उघडा, पेशंटचे नातेवाईक आणून देतात, क्वालिटी स्ट्रीट नाहीतर सेलिब्रेशन्स, येताजाता एक तोंडात. मग एक-दीडला ब्रेक, ब्रेकला आमच्या केरळच्या मुलींचे डबे. इकडच्या कुठल्याही वॉर्डात मल्याळी नर्स असतेच असते आणि तिच्या डब्यात एकीपुरतं कधीच नसतं. बिर्याणी, परोठा, बीफ न खाणारीसाठी वेगळं चिकन, आग्रह तर आपल्या लग्नातल्या पंगतीसारखा. मी पोट फुटेस्तोवर जेवायचे. मग चारला कॉफी, पाचला टोस्ट (रात्री कॅन्टीन बंद असतं, पण वॉर्डाच्या किचनमध्ये पाव, बटर आणि टोस्टर असतो, इकडची निम्मी नर्सिंग त्या टोस्टवर चालते असं माझं मत आहे), आणि घरी येऊन परत भूक म्हणून दोन पराठे. एवढं करून साडेनवाला आडवं व्हायचं आणि एक वाजता टक्क जागं, छातीत जळजळ, घशाशी आंबट.

एका रात्री चार-सव्वाचारला एका आजोबांचा श्वास मोजत होते. काही अवघड नसतं त्यात, छातीकडे बघायचं आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजायचं. अकरा, बारा, आणि पुढे काय ते सुचेना. परत सुरुवात केली. परत तेराच्या आसपास गायब. तिसऱ्यांदा मी बेडचा कठडा धरून उभी आहे आणि पेशंट डोळे उघडून माझ्याकडेच बघतोय. त्यांना काही झालं नाही, आकडा चौथ्या वेळी नीट मोजून लिहिला, पण मला घाम फुटला. दीडला खाल्लेली बिर्याणी चारला बोलते ते तेव्हा कळलं.

झोपेला मी दोष देत होते, पडद्यांना देत होते, खरा घोळ डब्यात होता. हे मला आमच्या पप्पांनी फोनवर सांगितलं. पप्पा आमच्या सांगलीकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. गळीत हंगाम सुरू झाला की बारा ते आठ, आठ ते चार, चार ते बारा अशा पाळ्या फिरायच्या, आणि रातपाळीच्या आठवड्यात मम्मी त्यांना रात्री साडेदहाला व्यवस्थित जेवायला घालून पाठवायची. डब्यात मात्र जास्त काही नाही, एक भाकरी, ठेचा आणि किटलीत ताक. आम्हाला पोरांना वाटायचं बिचारे उपाशी काम करतात. ते म्हणाले, "अगं डबा भरून नेला तो माणूस तीन वाजता पोत्यावर पेंगतोय हे मी रोज बघायचो की."

नंतर वाचलं तर हे शास्त्रातही बसतंय. आपल्या शरीरात घड्याळ असतं, मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, ते उजेडावर चालतं. त्या घड्याळाचे जीन्स माशीवर काम करून शोधले त्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, माशी म्हणजे केळ्यावर बसते ती चिलटासारखी. पण लिव्हर, स्वादुपिंड यांची पण आपापली घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. मध्यरात्री इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे जो भात दुपारी एकला पचतो तोच रात्री एकला साखर जास्त वर नेतो. पप्पांना डायबेटिस आहे, आत्याला आहे, म्हणजे मी रांगेतच उभी आहे. इकडे कायद्याने रात्रपाळीवाल्यांना फुकटात आरोग्य तपासणी द्यावी लागते, आमच्याकडे फॉर्म येतो, बऱ्याच जणी न भरताच टाकून देतात. मी पण टाकलेला एकदा. आता भरते.

तर सध्याचं माझं गणित असं. मुख्य जेवण घरी, संध्याकाळी सहाला, पाटावर बसल्यासारखं. भाकरी, भाजी, आमटी, थोडा भात. ज्वारीचं पीठ इकडच्या इंडियन दुकानात मिळतं कधीकधी, नसेल तर बाजरी, ती पण नसेल तर मग मुकाट पोळी. रात्री बारा-साडेबाराला थर्मासमधलं मुगाचं कढण नाहीतर वाटीभर मटकीची उसळ आणि दही. तीननंतर घन काही नाही. अगदीच हात शिवशिवले तर फुटाणे, पण शांत वॉर्डात फुटाणे चावण्याचा आवाज केवढा येतो ते तुम्हाला कल्पना नाही, एकदा कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या कुणीतरी भिंत पोखरतंय. चहा रात्री दोनच्या आत. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कॉफीतली जवळजवळ निम्मी कॉफी मी सकाळी साडेनवाला माझ्यासोबत गादीवर घेऊन झोपायचे.

आणि सकाळी घरी आल्यावर मऊभात. अर्धी वाटी, वर तूप, मेतकूट आणि मीठ. पूर्ण उपाशी झोपलं तर बाराला भुकेने जाग येते आणि पराठे हाणले तर ॲसिडिटीने, हा मधला मार्ग सापडायला मला वर्ष लागलं. मेतकूट सासूबाई पाठवतात, दोन डबे, एकावर "नाइट" असं स्केचपेनने लिहिलेलं असतं. दुसऱ्यावर काहीच नसतं, आत मेतकूटच असतं.

आता झोप. इकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत सूर्य आणि पहाटे सव्वाचारला परत हजर, मध्ये पण धड काळोख होत नाही. डिसेंबरमध्ये उलटं, पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनला गुल. हिवाळ्यात तीन नाइट्स लागोपाठ केल्या तर सूर्य बघायलाच मिळत नाही, अंधारात जायचं, आठला निघायचं तेव्हाही अंधारच. डी व्हिटॅमिनची गोळी तर इकडे हिवाळ्यात सगळ्यांनाच घ्यायला सांगतात, रोज १० मायक्रोग्रॅम, नाइटवाल्यांनी विसरूच नये. उन्हाळ्यात मात्र मी सकाळी गॉगल लावूनच हॉस्पिटलबाहेर पडते, ढग असले तरी, लोक बघतात तर बघू देत. तो सकाळचा उजेड डोळ्यात गेला की मेंदूला वाटतं उठायची वेळ झाली.

पहिल्या उन्हाळ्यात मी खिडकीला आतनं स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली होती. चार दिवसांनी घरमालक दारात. फार गोड बोलला, हवामानाबद्दल, सिंकबद्दल, आणि मग हळूच म्हणाला की बेडरूम बघू का. नंतर वॉर्डात कळलं की इकडे घरात गांजा उगवणारे लोक खिडक्यांना फॉइल लावतात! त्या दिवशी ब्लॅकआउट ब्लाइंड मागवलं, काचेला चिकटतं तसलं.

आवाजाचं मात्र काही खरं नाही. अबर्डीनचे सीगल हा स्वतंत्र विषय आहे. मे ते जुलै छपराछपरावर त्यांची घरटी, पिल्लं, आणि दिवसभर असलं किंचाळणं की आपल्याकडचे कावळे म्हणजे गवई वाटावेत. इअरप्लग घालते, वर पंखा लावते, थंडीत सुद्धा, नुसता भिंतीकडे तोंड करून, घरघर आवाजासाठी. आपल्याला पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही हे इकडच्या लोकांना समजावून सांगता येत नाही.

नवरा घरून काम करतो. तो बिचारा चपला न घालता फिरायचा, मीटिंगमध्ये कुजबुजायचा, आणि मग साडेबाराला जेवणासाठी कुकर लावायचा. तीन शिट्ट्या. त्यावरनं आमची दोन मोठी भांडणं झालीत. आता दुपारी तो आदल्या दिवशीचं खातो आणि कुकर पाचला लावतो, तोच माझा अलार्म, पहिल्या शिट्टीला डोळे उघडायचे, तिसरीला पाय खाली.

मम्मीचं प्रकरण जास्त नाजूक. तिचा चहा चारला होतो, मग तिला लेकीची आठवण येते. उन्हाळ्यात आपल्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे माझे साडेअकरा, भर झोपेत. "झोपली होतीस का गं?" असं विचारून ती पुढे वीस मिनिटं बोलायची. दिवसा झोपणं म्हणजे आजारी नाहीतर आळशी, हे डोक्यातनं जातच नाही आपल्या लोकांच्या, त्याच बाईने पप्पांच्या रातपाळीत खिडकीला पोतं लावून आम्हाला अंगणात हाकललेलं असलं तरी. शेवटी मी नाइट्सच्या तारखा तिला पाठवायला लागले, ती कालनिर्णयवर त्या दिवसांना लाल गोल करते आणि त्या दिवशी फोनऐवजी व्हॉइस मेसेज टाकते, उठल्यावर ऐकते. त्यात मागे शेजारच्यांची म्हैस पण ऐकू येते.

उपासाची गंमत सांगायची राहिली. जूनमधली संकष्टी, मी नाइटला. मम्मी तिकडच्या वेळेप्रमाणे उपास सोडून मोकळी झालेली. इकडे फोनवर बघितलं तर चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास, आणि बाहेर ढगच ढग. दुपारी उठल्यापासनं उपास धरायचा की त्या सकाळी झोपताना खाल्लेल्या मऊभाताने तो मोडतो, हे कुणाला विचारणार? बाराला साबुदाणा खिचडी खाल्ली, दीडला डोळे मिटायला लागले. तेव्हापासनं नाइटला उपास नाही, गणपती समजून घेईल.

ब्रेकमध्ये वीस मिनिटं खुर्चीत डोळे मिटून पडते, अलार्म लावून. अर्ध्या तासाच्या वर गेलं की उठताना मी कोण कुठली हे आठवायला वेळ लागतो, त्यापेक्षा न झोपलेलं बरं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, ती नाइट साडेतेरा तासांची होते. मागच्या वर्षी ती माझ्याच नशिबी आली, रात्री दीड दोनदा वाजला, एकाच पेशंटच्या चार्टवर मी दोनदा १:३० लिहिलं आणि पुढे "जुना" "नवा" असं मनातल्या मनात म्हटलं. त्या दिवसापासून फरक साडेपाच तासांचा, मम्मीचा चारचा चहा माझ्या साडेदहाला येतो.

सगळं जमलंय असं समजू नका. शेवटच्या नाइटनंतर परत दिवसावर यायचं ते मला अजून जमत नाही. ठरवते की दुपारी एकलाच उठायचं, बीचवर चालून यायचं, रात्री दहाला झोपायचं. चालून येते, दहाला झोपते सुद्धा, आणि तीनला जागी. घर गार, नवरा घोरतोय, मी ओट्यापाशी उभी राहून गार पोळीला तूप-साखर लावतेय, म्हणजे वर लिहिलेलं सगळं पाण्यात. अशाच एका रात्री पप्पांना फोन लावला, तिकडे साडेआठ झालेले, ते फिरून आलेले. म्हटलं पप्पा तुमचं कधी सुरळीत झालं हो? म्हणाले, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, अजून रात्री साडेअकराला जाग येते, बाराच्या पाळीची.

मग काय करता?

"पाणी पितो, कड बदलतो."