दारामागची हर्ली

फेब्रुवारी संपत आला तरी ती हर्ली अजून दारामागेच उभी आहे, चिखल वाळून त्याचे पापुद्रे पडतायत, आणि ती आत नेऊन ठेवायला माझं मन होत नाहीये. माझ्या मुलाच्या शाळेचा हर्लिंगचा सीझन सेमीफायनलला संपला, एका पॉइंटने.

ज्यांनी हर्लिंग, हा आयर्लंडचा खेळ, बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा विरुद्ध पंधरा, प्रत्येकाच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाची काठी म्हणजे हर्ली, आणि चामड्याचा छोटा कडक बॉल, स्लिटर. क्रॉसबारच्या खालून मारला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, वरून गेला तर एक. जमिनीवरचा बॉल सरळ हाताने उचलायचा नाही, हर्लीनेच उचलून घ्यायचा, आणि हातात धरून चार पावलांच्या वर जायचं नाही. म्हणून पोरं तो हर्लीच्या रुंद टोकावर तोलत पळतात, मागे दोघंतिघं लागलेले असताना. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अक्षरशः श्वास धरून उभा होतो.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या टीम्सच्या, मोठ्या मॅचेस उन्हाळ्यात होतात, टीव्हीवर, खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये. शाळांचं हर्लिंग मात्र थंडीतलं, ऑक्टोबरपासून पुढे, भर पावसात, शाळेच्या बसेस, ओलं गवत आणि कडेला छत्री घेतलेले पन्नाससाठ पालक. मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतात सगळ्यात मानाचा हार्टी कप, १९१८ पासूनचा. पुढे ऑल-आयर्लंडला क्रोक कप, तिथे किलकेनीच्या सेंट किएरन्सचा दबदबा, हेन्री शेफलिन आणि डीजे कॅरी हे नामांकित खेळाडू त्याच शाळेचे. आम्ही खालच्या ग्रेडमध्ये खेळतो, पण २०२२ ला आमच्याच क्लेअर काउंटीतल्या टल्ला गावच्या सेंट जोसेफ्सने पहिल्यांदा हार्टी जिंकला ना, तेव्हापासून इथल्या छोट्या शाळांनाही वाटायला लागलंय की आपणही कधीतरी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे हर्लिंग असतं पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचं. ज्या पॅरिशमध्ये राहता तो तुमचा क्लब, आणि शेजारच्या पॅरिशशी पिढ्यानपिढ्यांची चुरस. शाळेत मात्र चारपाच पॅरिशची पोरं एका वर्गात येतात आणि एकच जर्सी घालतात. आमच्या शाळेचा कॅप्टन शेजारच्या क्लबचा. ऑगस्टमध्ये क्लबच्या मॅचला त्याचा फटका माझ्या मुलाच्या बोटांवर बसला होता, दोन बोटं आठवडाभर सुजलेली. ऑक्टोबरमध्ये तोच बचावफळीच्या मध्यभागी, सेंटर बॅक, आणि माझा मुलगा त्याच्या शेजारी विंग बॅक. पहिल्या प्रॅक्टिसवरून मुलगा घरी आला आणि म्हणाला, बाबा, तो शेजारी असला की मला मागे बघावंच लागत नाही.

क्वार्टर फायनलला मुलाची हर्ली मोडली. रुंद टोकाच्या वरच, सरळ उभी चीर गेली. अ‍ॅशच्या बुंध्याचा अगदी खालचा, मुळांकडे वळणारा भाग हर्लीसाठी लागतो, कारण तिथे रेषा लाकडाबरोबर वळतात, आणि हल्ली अ‍ॅशच्या झाडांना डायबॅक नावाचा बुरशीचा रोग लागल्यापासून चांगलं लाकूड मिळणंच अवघड झालंय. माझ्या हातात दुसरी हर्ली तयार होती पण मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला! तेवढ्यात कॅप्टनने साइडलाइनवरून स्वतःची स्पेअर मागवली आणि मुलाकडे फेकली. ग्रिप त्याच्या क्लबच्या रंगाची. आमच्या पॅरिशमधला एकजण माझ्या शेजारी उभा होता, त्याने ते बघितलं आणि काही न बोलता टाळ्या वाजवायला लागला. उरलेली मॅच मुलगा त्याच हर्लीने खेळला आणि आम्ही जिंकलो.

सेमीफायनलला शेवटच्या मिनिटाला आम्ही १-११ (एक गोल, अकरा पॉइंट), ते ०-१५. म्हणजे चौदा पॉइंट विरुद्ध पंधरा. त्यांच्या डिफेंडरला लागून बॉल एंडलाइनच्या बाहेर गेला आणि आम्हाला सिक्स्टी-फाइव्ह मिळाला, म्हणजे पासष्ट मीटरवरून फ्री. मारणार कॅप्टन. मी गोलच्या मागेच उभा होतो, पांढऱ्या कोटातल्या अंपायरचा हात पॉइंट झाला की उचलायच्या पांढऱ्या झेंड्याजवळ होता. बॉल उंच गेला, छान गेला, आणि अगदी शेवटी वाऱ्याने डावीकडे ओढला. अंपायरने झेंडा उचललाच नाही.

बाकीच्यांना पुढचं वर्ष आहे, माझा मुलगा अजून फिफ्थ इयरला आहे. कॅप्टन सिक्स्थ इयरला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला. जूनमध्ये लीव्हिंग सर्ट, शाळा संपतानाची परीक्षा, दिली की झालं. क्लबकडून तो खेळेल, कदाचित काउंटीकडून पण, मात्र या जर्सीतला त्याचा शेवटचा फटका तोच. सगळे बसकडे निघाले तरी तो त्या पासष्टच्या खुणेजवळ उभा होता आणि माझा मुलगा त्याच्या बाजूला, दोघंही काही बोलत नव्हते, नुसते पावसात उभे.

ती स्पेअर हर्ली परत द्यायला मुलगा गेला होता, कॅप्टनने घेतली नाही. या उन्हाळ्यात दोन्ही क्लब परत समोरासमोर येणार, आणि मुलगा म्हणतोय ग्रिप बदलणार नाही, आहे तशीच घेऊन उतरणार.