आमची वाटचाल : सर्च बसवता बसवता रिस्टोरच्या धंद्यात

सुरुवातीला आम्ही फक्त सर्च बसवून देणारे. इलास्टिकसर्च म्हणजे डेटात शोधण्याचं सॉफ्टवेअर, त्याचा क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा गट) उभा करायचा, डेटा भरायचा, बिल पाठवायचं, संपलं. बॅकअपचा विषय काढला की क्लायंट म्हणणार, रेप्लिका (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवरची चालू प्रत) आहे ना, मग कशाला? रेप्लिका नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर, पडला तर कामाची हो, पण इंडेक्स (जिथे डेटा शोधण्यासाठी ठेवतात तो संच) डिलीट झाला की तीपण सोबतच जाते, हे सांगून सांगून तोंड दुखायचं.

धंद्याला वळण मिळालं ते एका अनोळखी फोनमुळे. त्यांच्याकडे कोणीतरी जुने इंडेक्स साफ करताना नावापुढे स्टार (म्हणजे त्या नावाने सुरू होणारे सगळे) लावून डिलीट मारलं आणि चालू इंडेक्सपण उडाले, आणि क्लस्टरचा स्टेटस मात्र हिरवागार, म्हणजे सगळं ठीक, कारण जे नाहीच त्याचा रंग कोण दाखवणार. स्नॅपशॉट, म्हणजे इंडेक्सचे बॅकअप, रोज पडत होते, पण ते परत कधी कोणी आणून बघितले नव्हते. त्यात अ‍ॅप लिहीतच होतं, त्यामुळे त्याच नावाचा नवा इंडेक्स आपोआप तयार झालेला, मॅपिंग (कुठल्या फील्डमध्ये कुठल्या प्रकारचा डेटा ते) भलतंच, आणि त्यावर रिस्टोर (स्नॅपशॉटमधून डेटा परत आणणं) मारला की एरर, उघड्या इंडेक्सवर रिस्टोर होतच नाही. मग आम्ही जुना डेटा वेगळ्या नावाने आणला, रेप्लिका शून्य ठेवून, म्हणजे आधी प्रायमरी शार्ड (इंडेक्सचे मूळ तुकडे) पटापट येतात, मधल्या वेळात आलेली नवी डॉक्युमेंट्स त्यात रीइंडेक्स, म्हणजे कॉपी, केली, काउंट जुळवले, आणि मग आपोआप तयार झालेला इंडेक्स काढून ते नाव अलियास (इंडेक्सचं दुसरं नाव) करून परत आणलेल्या इंडेक्सवर वळवलं. रेप्लिका त्यानंतर वाढवल्या. लॉगचे इंडेक्स सगळ्यात शेवटी, त्यांची कोणाला घाई नव्हती.

तिथून असेच फोन यायला लागले. कोणी नोडचं डेटा फोल्डर कॉपी करून त्यालाच बॅकअप म्हणायचा (चालू नोडची अशी कॉपी परत उभी राहीलच याचा काही भरवसा नसतो). कोणी जागा वाचवायला बकेटमधल्या (स्नॅपशॉट ठेवायची क्लाउडवरची जागा) जुन्या फाइल्स हाताने उडवलेल्या. अरे बाबांनो, स्नॅपशॉट इन्क्रिमेंटल असतो, म्हणजे फक्त नवीन तेवढं कॉपी होतं, ल्यूसीनचे (इलास्टिकसर्चच्या आतलं सर्चचं इंजिन) सेगमेंट, म्हणजे इंडेक्सच्या फाइल्स, एकदा लिहिले की बदलत नाहीत म्हणून कालचीच फाइल आजचा स्नॅपशॉटपण वापरतो, ती गेली तर दोन्ही गेले. डिलीट करायचं तर एपीआयनेच, म्हणजे इलास्टिकसर्चला सांगूनच करा, कुठली फाइल अजून लागते ते त्याला कळतं.

2021 मध्ये इलास्टिकसर्चचं लायसन्स बदललं, त्याच्याच कोडमधून ओपनसर्च नावाचं दुसरं सर्च सॉफ्टवेअर वेगळं झालं, आणि आमच्याकडे मायग्रेशनची, म्हणजे डेटा इकडून तिकडे हलवायची, कामं वाढली. ओपनसर्च फुटलं इलास्टिकसर्चच्या 7.10 व्हर्जनवरून, त्यामुळे त्याच्या पुढच्या इलास्टिकसर्चचा स्नॅपशॉट तिकडे सरळ नेता येत नाही, आणि एकाच प्रॉडक्टमध्येसुद्धा नव्या व्हर्जनचा स्नॅपशॉट जुन्या क्लस्टरवर चढत नाही. हे ऐकून चिडणारे क्लायंट बरेच भेटले, त्यातले काही अजून आमच्याकडेच आहेत.

आता आमचं मुख्य काम म्हणजे रिस्टोर ड्रिल, बॅकअप खरंच परत येतो का त्याची रंगीत तालीम. वेगळा क्लस्टर, रिपॉझिटरी (स्नॅपशॉट जिथे साठतात ती जागा) तिथे रीड-ओन्ली जोडायची, कारण दोन क्लस्टर एकाच रिपॉझिटरीत लिहायला लागले की ती बिघडलीच समजा, आणि खरोखर इंडेक्स आणून सर्च चालवून बघायचं. वेळ किती लागला ते रिपोर्टमध्ये लिहून देतो. ड्रिलचे वेगळे पैसे कशाला असं विचारणारे अजूनही आहेतच, पण नव्या करारात आम्ही ते ऑप्शनल ठेवतच नाही, ज्यांना नको ते दुसरीकडे जातात.